दुबळ्यांशी जोड लावणारा वस्ताद : बिल स्नायडर आणि कॅन्सस स्टेट

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ज्या खेळाबद्दल आहे तो आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही. तरी शेवटपर्यंत थांबा, कारण यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखाद्यानं भरपूर सामने जिंकले, पण त्यातले बरेचसे कमकुवत संघांशी जिंकले, तर त्या विजयांची किंमत किती धरायची?

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळतात तो. अमेरिकेत व्यावसायिक लीग तर आहेच, पण अनेक राज्यांमध्ये लोकांचा खरा जीव कॉलेजच्या संघात अडकलेला असतो. शनिवार आला की अख्खं गाव स्टेडियममध्ये. प्रशिक्षकाचा पगार अनेकदा राज्याच्या गव्हर्नरपेक्षा जास्त असतो. आणि आपला संघ सतत हरत असेल तर नुसता संघ हरत नाही, विद्यापीठाचं नाव खराब होतं, देणगीदार आटतात, चांगले खेळाडू यायला तयार होत नाहीत.

कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी हे असंच एक विद्यापीठ. गावाचं नाव मॅनहॅटन. न्यूयॉर्कमधलं नव्हे, कॅन्सस राज्यातलं. न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ म्हणतात म्हणून हे लोक आपल्या गावाला कौतुकानं ‘लिटल ॲपल’ म्हणतात. आजही वस्ती साधारण पन्नास हजारांच्या आसपास, आणि स्टेडियमची क्षमताही जवळपास तेवढीच. आजूबाजूला गवताळ टेकड्या, गुरं, शेती.

या विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९८८ साली देशातला सर्वात वाईट संघ मानला जायचा. हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाहीये. अव्वल विभागात पाचशे पराभवांचा आकडा गाठणारं हे पहिलं विद्यापीठ. ९३ मोसमांमध्ये मिळून विजय तीनशेच्याही आत. मोसम संपल्यावर चांगल्या संघांना खास सामन्याचं निमंत्रण मिळतं, त्याला ‘बोल गेम’ म्हणतात. इतक्या वर्षांत कॅन्सस स्टेटला असं निमंत्रण एकदाच मिळालं होतं, १९८२ मध्ये, आणि तो सामनाही ते हरले. कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या गटाचं विजेतेपद शेवटचं मिळालं होतं १९३४ साली.

ऑक्टोबर १९८६ नंतर तर विजय असा नव्हताच. १९८७ मध्ये एक सामना बरोबरीत सुटला, बाकी सगळे हरले. १९८८ मध्ये अकराच्या अकरा हरले. सलग २७ सामने विजयाविना. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या प्रसिद्ध साप्ताहिकानं १९८९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर मोठा लेख छापला, त्याचा मथळा होता ‘फ्युटिलिटी यू’. मराठीत सांगायचं तर ‘व्यर्थ विद्यापीठ’.

हा लेख छापून येईपर्यंत एक माणूस तिथे रुजू झालेला होता. बिल स्नायडर. वय ४९. त्याआधी तो आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाची बाजू सांभाळायचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये नेमणूक जाहीर झाली तेव्हा स्नायडरनं जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सर्वात मोठा कायापालट करण्याची संधी इथेच आहे. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचा विश्वास बसला असेल, तुम्हीच विचार करा.

आता मुद्द्याकडे येऊ. या खेळात वेळापत्रक कसं ठरतं ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

कॅन्सस स्टेट तेव्हा ‘बिग एट’ नावाच्या आठ विद्यापीठांच्या गटात होतं. म्हणजे मोसमातले सात सामने ठरलेले. त्यात नेब्रास्का, ओक्लाहोमा, कोलोरॅडो असे बलाढ्य संघ. तिथे काही निवड नाही. पण मोसम अकरा सामन्यांचा. उरलेले चार सामने कुणाशी खेळायचे, ते विद्यापीठानं स्वतः ठरवायचं. त्यासाठी दोन विद्यापीठं आपसात करार करतात, बऱ्याचदा काही वर्षं आधी.

या चार सामन्यांत एक मोठा बाजार चालतो. श्रीमंत विद्यापीठ छोट्या विद्यापीठाला आपल्या मैदानावर बोलावतं, ठरलेली रक्कम देतं, आणि बहुतेक वेळा दणकून हरवतं. छोट्या विद्यापीठाला त्या पैशात वर्षभराचा खर्च भागवता येतो. मोठ्याला घरच्या मैदानावर एक विजय आणि तिकिटांचं उत्पन्न मिळतं. दोघंही खूश, निदान कागदावर.

स्नायडरनं या चार सामन्यांकडे बघितलं आणि साधा हिशोब मांडला. हे चारही आपल्या आवाक्यातले ठेवले, तर मोसम सुरू होताना पदरात तीन-चार विजय पडतात. मग गटातल्या सात सामन्यांपैकी दोन-तीन जरी जिंकले तरी विजय पराभवांपेक्षा जास्त होतात. विजय जास्त झाले की निमंत्रणाची आशा. निमंत्रण आलं की टीव्हीवर नाव. टीव्हीवर नाव आलं की चांगली पोरं यायला तयार. चांगली पोरं आली की मग नेब्रास्काचं बघू.

आपल्याकडे कुस्तीच्या तालमीत वस्ताद हेच करतो ना? नवख्या पोराला पहिल्याच मैदानात नामांकित मल्लासमोर उभं करत नाही. आधी जत्रेतल्या छोट्या कुस्त्या, मग जोड वाढवत न्यायची. हरण्याची सवय लागलेल्या पोराला आधी जिंकणं कसं असतं ते कळावं लागतं. स्नायडरच्या हातात आलेली पोरं तर अशी होती की त्यातल्या कित्येकांनी कॉलेजमध्ये आल्यापासून एकही सामना जिंकलेला नव्हता.

पण गंमत बघा, पहिल्या वर्षी हा हिशोबही चालला नाही. १९८९ मध्ये पहिला सामना ॲरिझोना स्टेटशी, ३१-० नं हरले. मग नॉर्दर्न आयोवा आलं. हा खालच्या विभागातला संघ, त्यानंही हरवलं, १०-८. मग नॉर्दर्न इलिनॉय, तिथेही हार. म्हणजे ज्यांना ‘सोपे’ म्हणून बघायचं, त्यांच्यासाठी कॅन्सस स्टेट हाच सोपा संघ होता.

३० सप्टेंबर १९८९. समोर नॉर्थ टेक्सस, तोही तेव्हा खालच्याच विभागातला संघ. सामना संपायला आला तरी कॅन्सस स्टेट पिछाडीवर. अगदी शेवटच्या क्षणी कार्ल स्ट्रॉनं चेंडू फेकला, फ्रँक हर्नांडेझनं तो पकडला, आणि कॅन्सस स्टेट २०-१७ नं जिंकलं. जवळपास तीन वर्षांनी विजय! खालच्या विभागातल्या संघाला तीन गुणांनी हरवलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. त्या मोसमात तेवढा एकच विजय मिळाला, १-१०. पण आजही कॅन्सस स्टेटची माणसं आपला इतिहास त्या संध्याकाळपासून मोजतात.

पुढची वर्षं झरझर सांगतो. १९९० मध्ये पाच विजय. १९९१ मध्ये सात. त्या वर्षी बाहेरच्या चार सामन्यांमध्ये एक मोठा संघ होता, वॉशिंग्टन, जो पुढे संयुक्त राष्ट्रीय विजेता ठरला. त्यानं ५६-३ असं धुतलं. बाकीचे तीन सामने जिंकले होते. सात विजय मिळवूनही बोल गेमचं निमंत्रण आलं नाही. १९९३ मध्ये मात्र आलं, आणि ॲरिझोनात वायोमिंगला ५२-१७ हरवून विद्यापीठानं इतिहासातला पहिला बोल विजय मिळवला. तिथून सलग अकरा वर्षं निमंत्रण चुकलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसतं वेळापत्रक सोपं केलं म्हणून हे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. अशी सोपी वेळापत्रकं बरेच जण करायचे, पण त्यांचे संघ काही नेब्रास्काला हरवत नव्हते. स्नायडरनं ज्युनिअर कॉलेजमधली, मोठ्या विद्यापीठांनी दुर्लक्ष केलेली पोरं हेरली. मायकल बिशप हा त्यांचा गाजलेला क्वार्टरबॅक टेक्ससमधल्या ब्लिन या ज्युनिअर कॉलेजातून आला होता, आणि १९९८ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात दुसरा आला. स्नायडरची शिस्त, तासन् तास व्हिडिओ बघणं, बारीकसारीक गोष्टींचा ध्यास हे सगळं प्रसिद्ध आहे. सोप्या सामन्यांनी त्याला फक्त वेळ मिळवून दिला. प्रशिक्षकाला या खेळात तोच सगळ्यात कमी मिळतो.

पण मंडळी, औषध आजार बरा होईपर्यंत घ्यायचं असतं. १९९८ पर्यंत कॅन्सस स्टेटचा आजार बरा झालेला होता आणि औषध मात्र चालूच होतं.

आता गट मोठा झाला होता, ‘बिग ट्वेल्व्ह’. गटाबाहेरचे सामने चारावरून तीनवर आले. १९९८ मधले ते तीन सामने सांगतो. इंडियाना स्टेट, ६६-०. नॉर्दर्न इलिनॉय, ७३-७. नॉर्थईस्ट लुइझियाना, ६२-७. बेरीज करा. तीन सामन्यांत २०१ विरुद्ध १४. यातलं नॉर्दर्न इलिनॉय आठवतंय? १९८९ मध्ये ज्यानं कॅन्सस स्टेटला हरवलं होतं, तेच. आता तेच विद्यापीठ स्वतः सलग पराभवांच्या लांबलचक रांगेत अडकलेलं होतं. नऊ वर्षांत दोघांनी जागा बदलल्या होत्या.

त्या वर्षीचा कॅन्सस स्टेटचा संघ खरोखरच बलाढ्य होता. टेक्ससला ४८-७ हरवलं. १४ नोव्हेंबरला नेब्रास्काला ४०-३० हरवलं, १९६८ नंतर पहिल्यांदा. अकरापैकी अकरा विजय. प्रशिक्षकांच्या मतदानातून ठरणाऱ्या क्रमवारीत नोव्हेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले.

आणि नेमकं त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी एक नवी पद्धत सुरू झाली होती, बीसीएस. तिच्यात मतदान होतं, संगणकाची क्रमवारी होती, पराभवांची संख्या होती आणि आणखी एक घटक होता : प्रतिस्पर्धी किती तगडे होते. म्हणजे तुम्ही कुणाला हरवलं हे आता आकड्यांत मोजलं जाणार होतं. अपराजित कॅन्सस स्टेट या यादीत तिसरं राहिलं. अंतिम सामना पहिल्या दोघांचा. पुढे टेनेसी आणि यूसीएलए होते, तेही अपराजित.

५ डिसेंबर १९९८. गटाचा अंतिम सामना सेंट लुईसला, समोर टेक्सस ए अँड एम. त्याच दिवशी यूसीएलए मायामीकडून ४९-४५ नं हरलं. म्हणजे वाट मोकळी झाली. कॅन्सस स्टेटनं फक्त हा सामना जिंकायचा होता, आणि शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला ते २७-१२ असे पुढे होते. पण ए अँड एमनं बरोबरी साधली. सामना जादा वेळेत गेला, दुसऱ्यांदा जादा वेळेत गेला, आणि सर पार्कर नावाच्या खेळाडूनं चेंडू घेऊन धाव पूर्ण केली. ३६-३३. राष्ट्रीय विजेतेपदाची संधी गेली.

ती हार मैदानावरची होती, तिचा दोष वेळापत्रकाला देता येत नाही. पण पुढे जे झालं ते बघा. कॅन्सस स्टेट अंतिम यादीतही तिसरं होतं. तरी मोठ्या बोल सामन्यांच्या आयोजकांनी चौथ्या क्रमांकाचं ओहायो स्टेट घेतलं, आठव्या क्रमांकाचं फ्लोरिडा घेतलं आणि कॅन्सस स्टेटला वगळलं. त्यांची रवानगी सॅन अँटोनियोच्या अलामो बोलमध्ये झाली, आणि तिथे ते पर्ड्यूकडून हरले. आयोजकांचा हिशोब तिकिटांचा आणि टीव्हीचा होता. ओहायो स्टेटला शंभर वर्षांची पुण्याई होती. कॅन्सस स्टेटकडे गेल्या पाच-सहा वर्षांचे विजय होते, आणि त्यांच्यावर ‘कुणाशी खेळून आलात?’ असा शिक्का बसलेला होता. एवढा गवगवा झाला की पुढच्या मोसमापासून तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला संरक्षण देणारा नियम आला. त्याला लोक आजही ‘कॅन्सस स्टेट रूल’ म्हणतात.

त्यानंतर स्नायडरनं काही मोठ्या संघांशीही सामने लावले. यूएससी या कॅलिफोर्नियातल्या दिग्गजाला २००१ आणि २००२ अशी लागोपाठ दोन वर्षं हरवलं. पण सोपे सामने बंद झाले नाहीत, आणि ‘सोपा’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा ते २००३ मध्ये कळलं. घरच्या मैदानावर मार्शल आलं आणि २७-२० नं जिंकून गेलं. हाच कॅन्सस स्टेटचा संघ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ओक्लाहोमाला ३५-७ असं हरवून १९३४ नंतरचं पहिलं गटविजेतेपद घेऊन आला! एकाच मोसमात दोन्ही.

२००५ नंतर स्नायडर निवृत्त झाला. स्टेडियमला नाव दिलं गेलं ‘बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम’, कारण फक्त आपलं नाव नको, कुटुंबाचं हवं, हा त्याचा आग्रह. तीन वर्षांत संघ पुन्हा घसरला आणि सत्तरीला टेकलेल्या स्नायडरला परत बोलावलं गेलं.

परतल्यानंतरचा पहिला मोसम, २००९. बारापैकी सहा विजय. बोल गेमसाठी सहा विजय पुरतात. पण यांना निमंत्रण मिळालं नाही, कारण नियमानुसार खालच्या विभागातल्या संघावरचा एकच विजय धरला जायचा, आणि कॅन्सस स्टेटनं त्या वर्षी असे दोन संघ बोलावले होते, मॅसॅच्युसेट्स आणि टेनेसी टेक. सहाचे पाच झाले. वेळापत्रकं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे हा सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ज्या युक्तीनं हा संघ उभा राहिला, तिचंच बिल असं हातात आलं.

२०१२ मध्ये पुन्हा गटविजेतेपद, नोव्हेंबरमध्ये बीसीएस यादीत पहिला क्रमांक, आणि पुन्हा शेवटी ठेच. बेलरनं ५२-२४ नं हरवलं. पुढच्या वर्षीचा पहिला सामना, ३० ऑगस्ट २०१३. गटविजेत्यांनी मोसमाची सुरुवात करायला खालच्या विभागातलं नॉर्थ डकोटा स्टेट बोलावलं. नॉर्थ डकोटा स्टेटनं शेवटच्या मिनिटात गुण मिळवले आणि २४-२१ नं जिंकले.

स्नायडर २०१८ च्या मोसमानंतर कायमचा निवृत्त झाला. २७ मोसम, २१५ विजय, ११७ पराभव, एक बरोबरी. प्रशिक्षक असतानाच, २०१५ मध्ये, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्याबद्दल सगळ्यांना आवडणारी एक गोष्ट म्हणजे सामन्यानंतर प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूंना तो स्वतःच्या हातानं, जांभळ्या शाईनं पत्रं लिहायचा. जांभळा हा विद्यापीठाचा रंग. कुणी चांगलं खेळलं, कुणाला दुखापत झाली, की पत्र गेलंच.

मग त्या विजयांची किंमत किती? माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. १९८९ ते १९९३ मधले सोपे विजय मला शंभर टक्के खरे वाटतात. बुडणाऱ्या माणसाला आधी पाय टेकायला जमीन लागते, ती किती खोलात आहे ते नंतर बघू. १९९८ चे ६६-० आणि ७३-७ मात्र मला त्या संघाचा अपमान वाटतात. नेब्रास्काला हरवू शकणाऱ्या पोरांना एखादा तगडा प्रतिस्पर्धी देऊन जगाला दाखवायला हवं होतं. वस्तादानं जोड वाढवायला उशीर केला. आपला पठ्ठ्या आता मोठा मल्ल झालाय, यावर सगळ्यात शेवटी विश्वास बसला तो वस्तादाचाच, असं मला राहून राहून वाटतं. तीस-तीस सामने विजयाविना काढलेली माणसं ज्यानं हाताळली, त्याच्या मनातून ती भीती कधीच पूर्ण गेली नसावी.

जाता जाता शेवटचं. स्नायडरच्या जागी कॅन्सस स्टेटनं कुणाला आणलं माहितीये? ख्रिस क्लायमन. आला कुठून? नॉर्थ डकोटा स्टेटमधून. २०१३ च्या त्या रात्री पाहुण्यांच्या बचावाची आखणी त्याचीच होती. सोपा म्हणून बोलावलेल्या संघाच्या माणसाच्या हाती त्यांनी स्नायडरचं घर सोपवलं, आणि २०२२ मध्ये त्यानं कॅन्सस स्टेटला पुन्हा गटविजेतेपद मिळवून दिलं. त्याच मोसमात घरच्या मैदानावर ते तुलेन नावाच्या छोट्या संघाकडून हरलेही होते, ते वेगळंच!

तुम्ही एखाद्या हरणाऱ्या संघाचे वस्ताद असता तर तुमच्या हातातले ते चार सामने कुणाशी लावले असते? खाली नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.